पालखीचा हलका दांडा

धंदा काय करतोस असं कुणी विचारलं की हल्ली मी "प्लास्टिकचं काम" एवढं सांगून मोकळा होतो. कार्बन फायबर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे काय? मग मी सांगायला लागतो, काळं विणलेलं कापड असतं, ते साच्यात थरावर थर बसवायचं, प्रत्येक थराला डिंकासारखं रेझिन पाजायचं, वरून प्लास्टिक ताणून आतली हवा पंपानं खेचून घ्यायची, आणि ते सुकलं की लोखंडाच्या तोडीचं मजबूत आणि सुपासारखं हलकं होतं. इथवर येईस्तोवर समोरचा भलतीकडेच बघत असतो. शेवटी विचारतो, लग्न का नाही केलंस? म्हणून प्लास्टिकचं काम.

माझी शेड महाडच्या बाहेर, हायवेपासून थोडी आत आहे. पत्र्याची. भिंतीवर पुराची रेघ आहे, ती माझ्या डोक्याच्या वरून जाते. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी फवारणीच्या ड्रोनची टोपणं आणि पाय बनवतो. दिवसभर तोंडाला मास्क, हातात मोजे आणि उकाड्यातही अंगात जुना रेनकोट, कारण कार्बनची पूड कातडीला लागली की दोन दिवस खाज जात नाही. मास्कमुळे बोलता येत नाही आणि बोलायला कुणी नसतंही, त्यामुळे ते जमून जातं. संध्याकाळी टपरीवर चहा सांगायला तोंड उघडतो तेव्हा घसा बसलेला असतो. टपरीवाल्याला वाटतं मला कायमची सर्दी आहे.

नऊ वर्षं मी पुण्यात रेसच्या मोटारसायकलींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो. हात तिथे बसला. वडील गेले, आणि आईनं सांगून टाकलं की ती गावचं घर सोडणार नाही, ज्याला यायचं त्यानं यावं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईत एका गोदामात नोकरीला, बायकापोरं तिथेच. राहिलो मी. आलो. कुणी उपकार मानले नाहीत आणि मीही केले म्हणून आलो नव्हतो, पण कधीतरी कुणी विचारावं ना, बाबा रे, तुझं बरं चाललंय का.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या बाजूला डोंगरावर. तीसेक घरं, त्यातली उघडी बारा. बाकीच्यांना कुलपं. आमचं घर सगळ्यांत वर. तिथवर रस्ता नाही, दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे, तीही पावसानं निम्मी हललेली. वर तीन घरं, दोन बंद. रोज मी गाडी खाली लावून चढतो, उतरतो, पोलादपूर, महाड, आणि परत.

शिमग्याला आमच्या गावदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. पालखी उचलायचा मान आठ घरांचा. चौघं खांदा देतात, चौघं बाजूनं चालतात आणि दमले की बदलतात. पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आजोबांचा होता, मग वडिलांचा, मग दादाचा. मान घराचा म्हणतात, पण घराचा म्हणजे थोरल्याचा. धाकट्यानं पुढे निशाण धरून चालायचं. खांदा द्यायला माणूस आला नाही तर गावकी जाब विचारते, आणि गावकीनं विचारलेलं मुंबईत बसूनही झोंबतं. म्हणून दादा यायचा. गणपतीत नाही, दिवाळीत नाही, फक्त शिमग्याला, दोन दिवस. पालखी फिरवायची, आईच्या हातची पोळी खायची, खांदा चोळत मुंबईची गाडी धरायची.

आई त्या दोन दिवसांवर वर्ष काढायची. हे मी रागानं सांगत नाही. बरं, थोडा राग आहेच. बाकीचे सगळे दिवस तिच्यासमोर बसून भाकरी मीच खातो. तिच्या गुडघ्यांना तेल मी लावतो. पण दारात चप्पल वाजली की ती आधी मुंबईच्या गाडीची वेळ आठवते. असू दे. आई आहे.

तर झालं असं, की आठ खांद्यांतले दोन वारले, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उरले पाच. पालखी आमची जड, जुन्या सागवानाची, आणि दांडा तर असा की नुसता दोघांनी उचलावा. पाच माणसांत ती आमची पाखाडी चढेना. दोन वर्षं ती खालच्याच अंगणात थांबली आणि वरच्या घरांनी खाली येऊन ओट्या भराव्यात असं ठरलं. वरची घरं म्हणजे आम्हीच. आईला पाखाडी उतरवत नाही. दोन्ही वर्षं ती सकाळपासून आरतीचं ताट घेऊन ओट्यावर बसली, आणि दुपारी दादा एकटाच नारळाचा प्रसाद घेऊन वर आला. तिनं प्रसाद घेतला, त्याला जेवायला वाढलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "पालखी आपल्या दारात, आनि तिच्या खाली तो. एकदा बगू दे मला. मंग काय मागायची नाय."

माझ्या डोक्यात किडा तिथे शिरला. जगभराच्या गोष्टी हलक्या करून देणारा माणूस मी. आईच्या दारात पालखी येत नाही, का, तर ती जड आहे म्हणून.

गावकीपुढे विषय काढला तेव्हा म्हाताऱ्यांनी माझी उलटतपासणीच घेतली. गुरवानं विचारलं, यात चामडं आहे का? नाही. चरबी, हाडं? नाही. मग आहे काय? मी म्हटलं, कोळशाचा भाऊबंद समजा. मग कुणीतरी म्हणालं की आपली देवीच काळी आहे, तिला काळ्याचं काय वावडं. कौल लावला, उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार. पण गुरव एका गोष्टीवर अडून बसला, की जुना दांडा वाडीबाहेर न्यायचा नाही. झालं. म्हणजे साचा देवळातच काढायचा.

चार दिवस मी देवळाच्या मंडपात बसून साचा काढला. आधी दांडा पुसला. पिढ्यांचं तेल, शेंदूर, घाम. मग मेणाचे हात, एकावर एक, प्रत्येक हात सुकवून फडक्यानं चकाकेपर्यंत घासायचा, नाहीतर साचा लाकडाला चिकटतो आणि देवीचा दांडा मोडल्याचं पाप माझ्या माथी. वासानं गुरवाचं डोकं दुखायला लागलं, त्यानं धूप लावला, मग माझं दुखायला लागलं. घासताना हाताला लागलं की जिथे जिथे खांदे टेकतात तिथे लाकूड झिजून खोलगट झालंय. धंद्याच्या नियमानं अशा जागा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट करायच्या असतात. पुढच्या उजव्या खोलगटात मी बोट फिरवत बराच वेळ बसलो. आजोबा, वडील, दादा. मी कुठेच नव्हतो. भरली नाही ती जागा, तशीच साच्यात घेतली.

साच्याच्या दोन फाका घेऊन महाडला आलो. पंधरा दिवस कंपनीचं काम बाजूला ठेवलं. फाल्गुनातलं ऊन म्हणजे रेझिनचा वैरी, दुपारी कालवलं तर हातातल्या डब्यातच तापून धूर सोडतं. म्हणून पहाटे उजाडायला सुरुवात करायचो. कापड तिरकं कापायचं, दांड्याच्या कमानीवर सुरकुती पडू द्यायची नाही, ब्रशनं दाबत दाबत शेवटचा बुडबुडा काठापर्यंत हाकलायचा. मग प्लास्टिक, कडेनं चिकट पट्टी, पंप सुरू. आणि मग कान. कुठेतरी बारीक फट असली तर हवा डासासारखी गुणगुणते. पंप दुसऱ्या खोलीत, मी गुडघ्यांवर रांगत साच्याच्या कडेकडेनं कान लावत फिरायचो. दोन माणसं असली तर एक पंप बघतो, एक ऐकतो. माझ्याकडे मीच दोन्ही.

पहिली फाक बिघडली. फट सापडली नाही, मध्ये हातभर जागा कोरडी राहिली, टिचकी मारली की भदभद वाजत होती. कापड महागाचं, वेळ थोडा. मी ती फाक शेडच्या मागे नेऊन आपटली. आपटल्यावर ती तुटलीही नाही, इतकी मजबूत. स्वतःचंच हसू आलं, आणि हसलेलं ऐकायला कुणी नव्हतं याची चीडही आली. दुसऱ्या पहाटे पुन्हा बसलो.

मग दोन्ही फाका जुळवल्या, आतून पट्टी दिली, सांधा घासला. पाणी सोडत सोडत घासायचं, आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. बोटांची टोकं गुळगुळीत होतात, फोन बोटाचा ठसा ओळखत नाही. शेवटी पारदर्शक लेप दिला आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून बघितलं तर उजेडात ती विणकामाची नक्षी खालून वर आली होती, काळ्या पाण्यात कोवळं ऊन पडावं तशी. मला माझ्या हाताचं कौतुक क्वचितच वाटतं. त्या सकाळी वाटलं. दाखवणार कुणाला? टपरीवाल्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, मस्त, आणि कपबश्या घेऊन गेला.

टेम्पोत दांडा आणि त्याच साहित्याची पालखीची नवी बैठक घालून निघालो त्या दिवशी चवदार तळ्याला लोक आले होते, बाजारातून गाडी मुंगीच्या पावलानं चालली. निळा फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं टेम्पोत डोकावून विचारलं, हे विमानाचं काय? मी म्हटलं, देवीचं. त्यानं हात लावून बघितला आणि खूष होऊन मान डोलावली. त्या महिन्यात माझ्या कामाबद्दल मनापासून कुणी विचारलं असेल तर त्यानंच.

वाडीत पालखी जोडली आणि उचलून बघायचं ठरलं. चार म्हातारे, प्रत्येकाची पन्नास वर्षांची सवय, दम भरला, मांड्या आवळल्या, देवीचं नाव घेतलं आणि उचलली. इतक्या जोरात वर गेली की आत ठेवलेला नारळ उडून गुरवाच्या पायाशी पडला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या डाव्या खांद्याचे बाबा, आमच्या वाडीत सगळ्यांत वयस्कर खांदा त्यांचा, ते पडेल चेहऱ्यानं म्हणाले की यात देवी बसलेली नाही, बसली असती तर भार लागला असता. पुन्हा कौल, पुन्हा उजवं फूल. मग त्यांचीही भीड चेपली. त्यांनी दांड्याचं टोक एका हातानं उचललं, दुसरा हात कमरेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून बोळक्या तोंडानं हसले.

ते मी फोनवर टिपलं. आणि वाडीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "आता चार खांदे बस्स."

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कुणास ठाऊक. मुंबईतून अंगठे आले, टाळ्या आल्या, हात जोडलेले आले. तेवढ्यानं मी फुगलो. दादाचा अंगठा पहिल्या पाचांत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. भरभरून बोलला, गावात नाव काढलंस, वडील असते तर वगैरे. मग म्हणाला की यंदा त्याला येणं जमेलसं दिसत नाही. गोदामात माणसं कमी केलीत, रजेचं कठीण झालंय, आणि खांदा तर दोन वर्षं रात्रीचा झोपू देत नाही. मी विचारलं, मान? तो म्हणाला, खांदा तू दे की, घर एकच आहे. मी म्हटलं, अरे आई वाट बघतेय, हे सगळं कशासाठी केलं मी?

"चौघांत होतंय ना आता?" तो म्हणाला. "मग मला कशाला बोलावतोस?"

मी त्याला नको नको ते बोललो. त्याच्या बायकोपर्यंत गेलो, जिचा यात काडीचा संबंध नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, एका शब्दानं उलटला नाही, आणि ते मला जास्त लागलं. फोन ठेवल्यावर कळलं की त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. इतकी वर्षं तो आईसाठी येत होता असं मी धरून चाललो होतो. तो ओझ्यासाठी येत होता. ओझं मी काढून घेतलं.

दांड्याच्या दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवायच्या अजून राहिल्या होत्या. दांडा पोकळ. मी शेडवरून येताना नदीकाठची पिशवीभर वाळू भरून घेतली. हिशेब सरळ होता. वाळू ओतायची, टोप्या ठोकायच्या आणि सांगायचं की बाबांनो, गणित चुकलं, टोप्या बसल्यावर जड झालं, सगळे खांदे लागणारच, कळवा मुंबईला. माझं नाव गेलं असतं, जाऊ दे. दादा आला असता.

देवळात गेलो तर डाव्या खांद्याचे बाबा मंडपात उघडे बसून खांद्याला तेल चोळत होते. खांद्यावर नारळाएवढं टेंगूळ, काळं पडलेलं, वर सालपटं निघालेली. मी कधी बघितलं नव्हतं, सदरा कायम अंगात. मला बघून त्यांनी लपवलं नाही.

"सात वर्सं दुकतंय," म्हणाले. "कुनाला बोललो नाय. बोललो असतो तर मान सोडा म्हनले असते. आता तू केलंस ते बरं केलंस. मरेपर्यंत धरीन मी."

वाळूची पिशवी मी देवळामागे रिकामी केली आणि टोप्या बसवल्या.

आईला सांगितलं, दादाला रजा मिळाली नाही, साहेबानं अडवलंय. ती म्हणाली, नोकरी म्हटल्यावर असायचंच. एकदा म्हणाली, एकदम शेवटच्या घटकेला सोडतात कधी कधी. पालखीच्या दिवशीही सकाळी ती पाखाडीकडे तोंड करून बसली होती.

पालखी निघाली. मुंबईकर एकही नाही. सगळ्यांनीच तो व्हिडिओ बघितला होता. शेजारच्या गावातून खालू बाजा बोलावला होता, ढोल-सनईवाले पाच, पालखीखाली चार आणि मागे-पुढे मिळून दहाबारा माणसं, त्यातल्या बहुतेक बायका, सत्तरीच्या पलीकडच्या. निशाण धरायला माणूस नव्हता, ते गुरवानं बगलेत धरलं. पुढच्या उजव्या खांद्याला मी. कुलपं लावलेल्या घरांसमोरही पालखी थांबत होती, रीत आहे तशी, दाराकडे तोंड करून, आणि मग पुढे जात होती. पाखाडी आम्ही न थांबता चढलो. बाबा माझ्या शेजारी पुटपुटत होते, आली बघ, आली बघ.

आईनं तांब्या घेऊन चौघांच्या पायांवर पाणी घातलं. अंगणात पाटावर पालखी टेकवली. तिनं ओटी भरली, आरती ओवाळली, कपाळ टेकलं. दोन वर्षांनी देवी दारात आली होती, आईचे डोळे भरून वाहत होते, आणि मला वाटलं, चला, अर्धं तरी झालं. मी खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवून खाली वाकलो.

आईनं जन्मभर लाकडांचे, गवताचे भारे वाहिलेत. दुसऱ्या बाईच्या डोक्यावर भारा द्यायचा तर खालून हात लावायचा, ही तिच्या अंगातली सवय. मी वाकलेलो बघून ती पुढे झाली आणि मला मदत म्हणून दांड्याखाली दोन्ही हात घालून, पाय रोवून, जोर लावला. दांडा सरसर वर आला. तिच्या एकटीच्या हातावर.

तिनं तो तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढा हलका केलास?"

मी हो म्हटलं.

"मंग तो कशाला येल," आई म्हणाली.

चिडून नाही. रागवून नाही. एखाद्या मापाचा अंदाज हातानं घ्यावा आणि सांगावा, तसं. रजेचं मी जे सांगितलं होतं ते तिनं त्या क्षणापर्यंत खरं मानलं होतं, हे तिच्या तोंडाकडे बघून कळलं. दांडा तिनं हळूच माझ्या खांद्यावर ठेवला आणि हात काढून घेतले.

मागच्यांनी देवीचं नाव घेतलं, ढोल वाजला. पुढच्या उजव्या खांद्याला थांबता येत नाही, बाकीचे तिघं त्याच्या पावलावर चालतात. मी चालायला लागलो. आई मागे अंगणात एकटी राहिली.